वॉश वाळल्यावर झग्यावर वळ उमटतात, पिवळी ढाल मळकते: काय चुकतंय?

खाचखळगे

नमस्कार मंडळी. २८ मिमीच्या फँटसी मिनी (खेळातल्या छोट्या मूर्ती) रंगवायचं काम चालू आहे. गॉब्लिन, सांगाडे आणि झगा-ढालवाले चार योद्धे. पद्धत साधी ठेवली आहे: राखाडी स्प्रे प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक बेसकोटचे (मूळ रंगाचे) दोन पातळ हात, मग अख्ख्या मिनीवर सिटाडेल कंपनीचा ॲग्रॅक्स अर्थशेड हा तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत सावली भरणारा पातळ रंग. ढालीची कड आणि बाकी धातू यांवर नल्न ऑइल हा काळा वॉश. दोन्ही थेट डबीतून.

सांगाडे, फर, दोर, साखळी-चिलखत यांवर काम झकास होतं. योद्ध्यांवर मात्र घोळ आहे. झग्याच्या पाठीकडच्या सपाट भागावर वाळल्यानंतर गडद काठाचे वेडेवाकडे डाग राहतात. ढालीचा पिवळा मळकट होतो आणि कडेजवळ तर हिरवट दिसतो. पायांशी वॉश साचतो आणि तेवढीच जागा चकाकते. वॉश फार गडद वाटला म्हणून त्यात निम्मं पाणी घातलं, तर तो दाणेदार वाळला आणि बोट घासलं की निघायला लागला.

यातलं कशामुळे काय होतंय? आणि बिघडलेले योद्धे वाचवता येतील, की सगळा रंग काढून पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करायची?

ब्रश नंबर दोन

रंग काढायची अजिबात गरज नाही. आधी वळांबद्दल.

साचलेला वॉश काठाकडून वाळतो, कारण तिथे थर सगळ्यात पातळ असतो. काठाचं पाणी उडालं की मधलं पाणी ती जागा भरायला काठाकडे सरकतं आणि सोबत रंगाचे कण नेतं. सांडलेला चहाचा थेंब वाळल्यावर त्याची कड गडद राहते त्याचं कारणही हेच. खाचेत ही अडचण येत नाही. तिथे दोन्ही बाजूंना भिंत असते, थर जाड राहतो, वाळल्यावर गडद रेघ मिळते आणि आपल्याला तेच हवं असतं. सपाट झग्यावर मात्र डबक्याचा काठ कुठेही मध्येच थांबतो, आणि जिथे थांबतो तिथे वळ.

म्हणजे दोनच गोष्टी सांभाळायच्या: ओल्या भागाचा काठ सपाट जागेवर मध्येच सोडायचा नाही, आणि डबकं साचू द्यायचं नाही.

डबीतून थेट लावणं बंद करा. तिथेच निम्मा बिघाड आहे, कारण ब्रशच्या पोटात किती वॉश आहे याचा अंदाजच येत नाही. चार-पाच थेंब पॅलेटवर घ्या. दोन ब्रश ठेवा: वॉशसाठी दोन नंबरचा गोल ब्रश, आणि दुसरा तेवढाच पण स्वच्छ, पाण्यात बुडवून टिश्यूवर टिपलेला, नुसता दमट. वॉशच्या ब्रशचे केस अर्ध्यापर्यंतच बुडवा आणि पॅलेटच्या काठावर एकदा टेकवून जास्तीचा उतरवा.

मग झगा एका दमात करा. खांद्याच्या शिवणीपासून सुरू करून खालच्या किनारीपर्यंत, दोन्ही कडांपर्यंत, अर्ध्या-पाऊण मिनिटात. मध्येच थांबून बेल्टकडे वळू नका. पूर्ण भाग ओला असतानाच दमट ब्रशने चुण्यांच्या उंचवट्यावरचा वॉश चुणीच्या तळाकडे ओढा. किनारीला थेंब लोंबेल, त्याला दमट ब्रशचं टोक फक्त टेकवा. ब्रश तो थेंब पिऊन घेतो. ब्रश टिश्यूवर पुसा, पुन्हा टेकवा. पायाशी, बगलेत, पट्ट्याखाली हेच करा. मिनीचा कोन बदलत राहणंही उपयोगी पडतं: झगा करताना ती पोटावर जवळजवळ आडवी धरली तर सगळा वॉश किनारीकडे धावत नाही.

यानंतर हात मागे. हे सगळ्यात अवघड आहे, कारण दोन-तीन मिनिटांनी एखादी जागा खुपते आणि ब्रश आपोआप तिकडे जातो. तोवर काठावर साय धरलेली असते. ती फाटते, मध्ये फिकट ठिपका आणि भोवती गडद कडं राहतं. तुम्ही सांगताय त्या ‘वेडेवाकड्या’ डागांतले काही नक्की या जातीचे असणार. वीस मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्या, हवा दमट असेल तर तासभर.

खरं तर एवढ्या मोठ्या सपाट भागावर अख्खा वॉश देऊच नये असं माझं मत आहे. चुणीचा तळ आधी स्वच्छ पाण्याने किंचित ओलवा, शून्य किंवा एक नंबरच्या ब्रशने वॉशची रेघ फक्त तळात सोडा आणि रेघेची वरची बाजू दमट ब्रशने विरवून टाका. वेळ जास्त लागत नाही, आणि झग्याचा मूळ रंग ताजा राहतो.

बिघडलेल्या झग्यांसाठी: वाळलेला ॲक्रिलिक वॉश पाण्याने निघणार नाही, घासत बसू नका. झग्याचाच बेसकोट एक भाग आणि पाणी दोन भाग असा पातळ करा, चुण्यांचे तळ सोडून बाकी सगळीकडे तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. वळ झाकले जातात, खाचेतली सावली तशीच राहते. वॉशनंतर उंच भागांवर मूळ रंग परत आणणं ही पायरी तशीही करायचीच असते, त्यामुळे हे काही जादा काम झालं नाही.

मळकट गॉब्लिन

पिवळ्या ढालीचं कारण रंगच आहे. पिवळ्यात काळा मिसळला की तो ऑलिव्ह हिरव्याकडे झुकतो. कडेवरचा नल्न ऑइल ओघळून पिवळ्यावर आला, म्हणून तिथे हिरवट झालं. तपकिरीने मळकट झालं, कारण ॲग्रॅक्स ढालीभर पसरला.

पिवळ्याला सेराफिम सेपिया, किंवा नारिंगीकडे झुकणारा तपकिरी, तोही फक्त खिळ्यांभोवती आणि कडेच्या सांध्यात. ढाल जवळजवळ सपाट असते, तिला सगळीकडे वॉश नकोच. ढालीची धातूची कड आधी पूर्ण करून घ्या आणि पिवळा शेवटी दुरुस्त करा, म्हणजे ओघळ झाकता येतो.

बाकी रंगांचं थोडक्यात: लालला कॅरोबर्ग क्रिमझन किंवा तपकिरी, निळ्याला ड्राकेनहॉफ नाइटशेड, माणसाच्या त्वचेला रीकलँड फ्लेशशेड, ऑर्क-गॉब्लिनच्या हिरव्या त्वचेला ॲथोनियन कॅमोशेड किंवा बील-टॅन ग्रीन. हाडांना सेपियाने जुनाट उबदार छटा येते, ॲग्रॅक्सने मातीतून काढल्यासारखी. सोनेरीवर काळा मारू नका, रीकलँड मारा, सोनं लालसर आणि खोल दिसतं. पांढऱ्या कापडावर निळसर राखाडी, मीडियमने (रंगकण नसलेल्या ॲक्रिलिक द्रवाने) चांगला पातळ केलेला, आणि केवळ चुण्यांत.

काळा वॉश स्टील, लोखंड, काळं चामडं यांच्यासाठी राखून ठेवा. धातूच्या रंगातली चमक ही त्यातल्या बारीक अभ्रकी किंवा ॲल्युमिनियमच्या कणांची असते. वॉश त्यांच्यावर पडदा धरतो आणि धातू राखाडी प्लास्टिकसारखा दिसायला लागतो. म्हणून वॉश वाळल्यावर तलवारीची धार, शिरस्त्राणाची कड, खिळ्यांची डोकी यांवर मूळ चंदेरीचा एकेक स्पर्श परत द्यायचा. चार स्पर्श पुरतात, फरक बघा.

आणि एक: वॉश सगळंच एक-दोन छटा खाली आणतो. वॉश देणार हे ठरलेलं असेल तर बेसकोट मुळातच एक छटा उजळ निवडा. गॉब्लिनांच्या टोळीला सरसकट तपकिरी वॉश द्यायला माझी हरकत नाही. त्यांनी मळकटच दिसायला हवं. :)

थेंबमोजे

चकाकी आणि दाणे, हे दोन प्रश्न राहिलेत.

मॅट वाळणाऱ्या वॉशमध्ये चकाकी मारणारी बारीक भुकटी असते. ती जड असते, डबी ठेवून दिली की तळाशी बसते. न हलवता वरचा वॉश घेतला तर त्यात ती कमी आणि चकाकी जास्त. अर्धा मिनिट जोरात हलवा, झाकण उघडून टूथपिकने तळ खरवडून बघा. टूथपिकला चिखल लागला तर अजून हलवायला हवी. याची उलट बाजूही आहे: हलवलेली डबी असली तरी खोल खाचेत जाड थर साचला की तीच भुकटी पांढुरकी झाक देते. दोन्हीवर उपाय एकच, कुठेही साचू न देणं. उरलेली चकाकी शेवटच्या मॅट व्हार्निशने जाते. तिच्यासाठी वॉशचा दुसरा हात देत बसू नका.

आता पाणी. वॉश म्हणजे रंगकण, त्यांना धरून ठेवणारा ॲक्रिलिक बाइंडर, आणि पृष्ठताण कमी करणारं काहीतरी, ज्यामुळे तो आपणहून खाचेत शिरतो. साध्या पाण्याचा पृष्ठताण जास्त असतो, सामान्य तापमानाला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. ते पसरण्यापेक्षा थेंब धरणं पसंत करतं. निम्मं पाणी घातल्यावर बाइंडर निम्म्यावर आला, कण मोकळे पडून गुठळ्या धरायला लागले आणि वाळल्यावर त्यांना पकडायला पुरेसं काही उरलं नाही. बोटाला रंग लागला तो त्यामुळे. पाणी पाव भागापर्यंत ठीक. त्याहून पातळ हवं असेल तर मीडियम वापरा. सिटाडेलचं लाहमियन मीडियम, किंवा कुठल्याही कंपनीचं पातळ, ओतता येणारं मॅट मीडियम. वॉश आणि मीडियम समसमान घेतले तरी दाणे येत नाहीत, फक्त गडदपणा उतरतो.

घरी करायचा असेल तर साधारण १० मिलि असा:

मॅट मीडियम ५ मिलि, फ्लो इम्प्रूव्हर (पृष्ठताण कमी करणारं द्रव) मिसळलेलं पाणी ५ मिलि, ॲक्रिलिक इंक १० ते १५ थेंब.

फ्लो इम्प्रूव्हर तीव्र स्वरूपात मिळत असेल तर तो आधी पाण्यात साधारण १ ला २० असा पातळ करायचा, बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळायचं. जास्त पडला तर थर चिकट राहतो, नीट वाळत नाही. त्याऐवजी भांड्यांचा साबण घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळा, फेस होतो आणि साबणाचा अंश थरात राहून जातो. इंक ॲक्रिलिकच हवी. फाउंटन पेनची शाई बहुतेक वेळा वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटते आणि उजेडात फिकी पडते. तपकिरीत एक-दोन थेंब काळी किंवा जांभळी टाकून छटा फिरवता येते, पण थेंब मोजून लिहून ठेवा. निम्मी टोळी रंगवून बाटली संपली तर तीच छटा परत जुळवणं महाकठीण.

चाचणी मिनीवर नको. प्लास्टिकच्या चमच्याला तोच प्रायमर आणि तोच बेसकोट देऊन ठेवा. चमच्याची बाहेरची फुगीर बाजू झग्यासारखी वागते, आतली खोलगट बाजू खाचेसारखी. दोन्हीकडे एकेक थेंब पसरवून वाळू द्या. फुगीर बाजूवर वळ दिसला आणि खोलगट बाजू नीट असली, तर मिश्रण ठीक आहे, हात जड आहे.

जवसतेल

वरच्यांशी बऱ्याच अंशी सहमत. पण सपाट भाग जास्त असलेल्या मिनीवर, म्हणजे पत्र्याचं चिलखत, मोठ्या ढाली, ड्रॅगनचे पंख, ॲक्रिलिक वॉशशी झटापट करण्यापेक्षा ऑइल वॉश बरा. ॲक्रिलिक दोन मिनिटांत साय धरतो, ऑइल तासन् तास ओला राहतो. चुकलं की पुसा.

ॲक्रिलिक बेसकोट पूर्ण वाळू द्या, त्यावर ग्लॉस व्हार्निश, मग एक दिवस थांबा. ही पायरी गाळू नका. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्यात रंग अडकतो आणि पुसल्यावर सगळी मिनी तपकिरी झाक धरून बसते. ग्लॉसवर वॉश शिवणीत टेकवला की केशाकर्षणाने रेघभर पळत जातो.

बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी ऑइल रंग, हवा तर थोडा काळा. नळीतून पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. पुठ्ठा त्यातलं जादा तेल शोषतो, त्यामुळे वॉश लवकर आणि कमी चकाकीने वाळतो. मग गंधहीन व्हाइट स्पिरिटमध्ये एकास आठ-दहा. ब्रश पॅलेटवर टेकवला की रंगाची पारदर्शक तबकडी पसरली पाहिजे. तबकडी न पसरता ठिपका तसाच राहिला तर अजून स्पिरिट हवं.

खाचांत, शिवणींत, खिळ्यांभोवती टेकवत जा. वीस-तीस मिनिटांनी मेकअपचा स्पंज किंवा कापसाची काडी घेऊन उंच भाग पुसा. काडी कोरडी, फार तर स्पिरिटमध्ये टोक बुडवून टिश्यूवर नीट पिळलेली. ओली काडी खाचेतलाही रंग खेचून नेते. झग्यावर वरून खाली, चुणीच्या दिशेनेच पुसा. जी पुसट रेघ मागे राहते ती कापडाच्या पोताला शोभते. दोन-तीन दिवस वाळवा, मग मॅट व्हार्निश.

खिडकी उघडी, हातमोजे, जवळ ज्योत नको. ऑइल रंगाचे बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकायचे नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ते बाहेर मोकळ्या जागी, सुटे पसरून पूर्ण कडक होईतो वाळवा. वापरलेलं स्पिरिट सिंकमध्ये ओतू नका. आणि स्पिरिटऐवजी लॅकर थिनर तर मुळीच नको, ते प्लास्टिकची मिनीच खातं.

खाचखळगे

खूप धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. चमच्याची चाचणी आज लावतो.

काही उपप्रश्न. ग्लॉस व्हार्निश ॲक्रिलिक वॉशच्या आधीही द्यावा का? हेअर ड्रायरने वाळवलं तर काम झटपट होतं की बिघडतं? साखळी-चिलखतात बुडबुडे राहून गोल छिद्रं दिसतात, त्याचं काय? आणि पांढऱ्या प्रायमरवर कॉन्ट्रास्ट रंग वापरले तर वॉश लागतो का?

ब्रश नंबर दोन

ग्लॉस: फक्त खाचेत रेघ भरायची असेल तर हो, फार सोपं जातं. अख्ख्या भागावर वॉश द्यायचा असेल तर नको, ग्लॉसवर ॲक्रिलिक वॉश उंचवट्यांवरून घसरतो आणि मधल्या जागेत थेंब-थेंब होऊन बसतो. मधला मार्ग सॅटिन व्हार्निश.

ड्रायर: पहिली पाच मिनिटं नको. ओला वॉश वाऱ्याने एका बाजूला ढकलला जातो आणि तिथेच डबकं वाळतं, म्हणजे वळ विकत घेतल्यासारखं. नंतर थंड हवेवर, सगळ्यात कमी वेगात, हातभर अंतरावरून. गरम हवेने भाले, धनुष्य असे बारीक भाग वाकतात.

बुडबुडे: ब्रश घासून वॉश लावला की फेस होतो. साखळीवर ब्रश आडवा टेकवून वॉश सोडायचा, घासायचं नाही. तरी बुडबुडा राहिलाच तर कोरड्या ब्रशच्या टोकाने लगेच फोडा. तो तसाच वाळला तर कड्याच्या आकाराची खूण पडते. मिनी उजेडासमोर तिरकी धरली तर बुडबुडे चमकतात, लगेच सापडतात.

मळकट गॉब्लिन

कॉन्ट्रास्टबद्दल: २०१९ मध्ये आलेले हे रंग वॉशच्याच कुळातले, पण रंग आणि मीडियम दोन्ही दाट. बेसकोट आणि सावली एका हातात, म्हणून त्यांच्यावर पुन्हा अख्खा वॉश सहसा लागत नाही. सपाट झग्यावर ते वॉशपेक्षाही जास्त साचतात, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं तसंच लागू, फक्त हात अजून भरभर चालवायचा. पातळ करायचे तर कॉन्ट्रास्ट मीडियमने.

या प्रकारचे काही कंपन्यांचे रंग वाळल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा सुटतात. पांढऱ्या दातांवर हायलाइट (उंच भागावर उजळ रंग) मारताना शेजारची हिरवी त्वचा दातांवर आली तर तेच समजा. मध्ये पातळ मॅट व्हार्निशचा एक हात द्या आणि मग पुढे जा.

थेंबमोजे

व्हार्निशचं एक राहिलं. स्प्रे मॅट व्हार्निश दमट हवेत किंवा फार लांबून मारला तर पांढरट धुकं धरतो आणि सगळ्या गडद खाचा राखाडी दिसतात. तसं झालंच तर ग्लॉस व्हार्निशचा एक ओलसर हात ब्रशने द्या, बहुतेक वेळा धुकं पारदर्शक होतं. मग कोरड्या दिवशी मॅट.

खाचखळगे

शेवटचं विचारतो. टोपीवाला झगा असेल तर चेहऱ्याला वॉश आधी की नंतर?

जवसतेल

नंतर. टोपीच्या आतला वॉश आधी द्या, मिनी मागे कलती ठेवून वाळवा, नाहीतर तो कपाळावरून थेट डोळ्यांत उतरतो. टोपी वाळली की चेहऱ्याचा बेसकोट दुरुस्त करा, रीकलँडचा एकच थेंब शून्य नंबरच्या ब्रशवर घेऊन डोळ्यांच्या खोबण्या, नाकाची बाजू, ओठांखाली असा सोडा. गालांवर आला तर दमट ब्रशने लगेच खाली हनुवटीकडे ओढा. डोळ्यांचे ठिपके त्यानंतर.